बॉबिनवरचा रेडिओ

डिंडोली, रविवार संध्याकाळ

पिंकीने आज बिनबॅटरीच्या रेडिओचं किट जोडलं. कॉइलची नळी चेपलेली निघाली, म्हणून तार मी कामावरच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, रिकाम्या बॉबिनवर गुंडाळून दिली. माझा लहानपणचा रेडिओही असाच, वडिलांनी, आबांनी, लूमवरून आणलेल्या बॉबिनवरचा. इयरफोन त्यांच्या कानात घातला की आबा डोळे मिटून मान डोलवायचे. "हाव, आयकू येस!" केवढा फुगायचो मी!

आज पिंकी बारीकसं गाणं ऐकून नाचलीच. मग इयरफोन माझ्या कानात, आणि शाळेतल्या गुजरातीत प्रश्न. "पप्पा, आवाज आवे छे?"

मला फक्त लूमची खटखट. सुट्टीच्या दिवशीही ती कानातून जात नाही. मी डोळे मिटले, मान डोलवली. "येतोय बेटा, मस्त."

तेव्हापासून ते बॉबिन हातात घेऊन बसलोय. आबाही जन्मभर लूमवरच होते की.