जिभेला न कळणारी ढेप

मिस्त्री, काल माझ्या पशुखाद्याच्या दाण्यासाठी आलेली सरकीच्या ढेपेची एक गाडी मी परत पाठवली, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतं आहे. माल असा होता की तुम्ही खूश झाला असता. पिवळसर, कडक, मोडली की खाडकन आवाज, कुबट वास नाही. तुकडा जिभेवर ठेवला, कोरडा ठणठणीत. तरी तुमच्या पद्धतीने प्रत्येक पोत्यात परखी खुपसली, वरून, मधून आणि बुडातून माल काढला, चुरा एक केला, द्रावणात घोळवला आणि तपासणीची पट्टी धरली. या पट्टीची रीत उलटी आहे. वरची रेघ पट्टी चालू असल्याची. खालची उमटली तर माल चांगला, आणि ती उमटलीच नाही तर बुरशीचं विष मर्यादेबाहेर. खालची रेघ उमटली नाही. दुसरी पट्टी काढली, तिच्यावरही नाही.

आदिलाबादच्या त्या तेलगिरणीत मी पोती वाहायला लागलो, ते दिवस आठवतात. तुम्ही मशीनपाशी उभे आहात, खांद्यावर तेलकट पंचा. गरम ढेप पुढे करून विचारता, "कसा हाय माल?" मी रंग बघतो आणि रुबाबात सांगतो, "एक नंबर." "काऊन बे, म्हैस का डोळ्यानं खाते?" असं म्हणत तुम्ही तुकडा माझ्याच तोंडात कोंबता. "चाव. आंधी चाव, मंग बोल." वजनकाट्यावरचा माणूस हसतो, "मिस्त्री, याले आता शिंगं फुटतीन." तुम्ही म्हणता, "फुटू दे, दावणीले बांधू." त्या दिवसापासून मी न चाखता ढेप पास केली नाही. गिरणी सोडताना तुम्ही ही परखी माझ्या हातात ठेवलीत. तिची मूठ मी बदलली आहे, पातं तेच आहे.

आता तुम्ही विचाराल, मर्यादा ठरवली कुणी? मीही हाच प्रश्न घेऊन बसलो होतो. उत्तर इंग्रजी कागदांत होतं, आणि इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही. खताच्या पोत्यांवरून, फवाऱ्याच्या औषधांच्या डब्यांवरून उचललं, आणि अजूनही एक शब्द अडला तर पुढची ओळ वाचत नाही. तर ऐका. अनेक देशांतले जाणकार एका समितीत एकत्र बसतात. आपापल्या सरकारचे वकील म्हणून नाही, जाणकार म्हणून, असं त्यांच्या कागदांत स्पष्ट लिहिलं आहे. देशोदेशी तपासलेल्या मालाचे आकडे समोर असतात, कुणाचा मका, कुणाचा भुईमूग, कुणाची सरकी. मग ते विचारतात, जनावराने एवढं खाल्लं तर दुधात किती उतरेल, आणि ते दूध कोण किती पितं? जगातल्या ताटांचे त्यांनी गट पाडले आहेत, कोणत्या मुलखात काय किती खातात त्यावरून. मी त्यात आपलं ताट शोधत बसलो. ज्वारी सापडली, दूध सापडलं, शेंगदाणे सापडले. पण आपल्या भीमपूरकडे लेकराच्या वाटीत किती दूध पडतं, ते वेगळं काढलेलं मला दिसलं नाही. ते मोजायचं कुणी? आपणच ना?

दुधाच्या मर्यादेवर देशांचं एकमतही नाही. काहींची आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहे. जाणकारांनी दोन्ही धरून हिशेब केला आणि सांगितलं की सगळे लोक मिळून पाहिलं तर फरक लहानच पडतो. पण एका जातीच्या काविळीचा विषाणू ज्यांच्या अंगात मुरला आहे, त्यांच्या यकृतावर हे विष जास्त जोर करतं. त्या वाक्यावर मी थांबलो. तुम्हाला कावीळ झाली होती. कोणत्या जातीची, हे तेव्हा कुणी पाहिलं? पुढे पोट फुगलं, डॉक्टरने लिव्हर सांगितलं, आणि तुम्ही गेल्यावर काकू जो येईल त्याला विचारत होत्या, "दारूले कदी शिवले नाई हे, मंग लिव्हर काऊन गेलं?"

मागच्या महिन्यात पशुखाद्य बनवणाऱ्यांसाठी मोबाईलवर एक वर्ग झाला. देशोदेशीची माणसं, शिकवणाऱ्या बाई केनियातल्या. काकूंचा प्रश्न मी हिंदीत विचारला, दुभाष्याने पुढे नेला: आयुष्यभर रोज ढेप चाखणाऱ्या माणसाचं यकृत त्या चाखण्यानेच गेलं असेल का? बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडे म्हातारे मक्याचा दाणा दाताखाली फोडून बघतात. विष त्याने कळत नाही, त्याला चव नाही. पण ओल कळते, आणि माल कोरडा राहिला तर बुरशी वाढत नाही. तुमचा माणूस खुळा नव्हता." आणि पुढे, "त्याच्याबद्दल मात्र सांगता येणार नाही. आमचा हिशेब लाखो लोकांचा असतो, एका माणसाचा नसतो." एवढ्या देशांचं शहाणपण, आणि उत्तर काय, तर सांगता येणार नाही. मला राग यायला हवा होता. उलट माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तरी एक राहिलंच: तुम्ही चावून थुंकायचात की गिळायचात? इतकी वर्षं शेजारी उभा होतो आणि मला हे आठवत नाही. माझ्यासारख्याला हे शोभत नाही.

गाडी फिरवली तेव्हा गिरणीचा माणूस चिडला. "तुमचे मिस्त्री असते त डोळे झाकून उतरवून घेतली असती." मी म्हणालो, "घेतली असती." पण माझं डोकं मागच्या गाडीत अडकलं होतं. कारण तीही त्याच गिरणीची होती. तिची पट्टी ठीक आली होती, पण हे विष मालात सारखं पसरत नाही. एका ढेपेत असतं, शेजारच्या ढेपेत नसतं. ती ढेप माझ्या दाण्यात मिसळून गावच्या म्हशींच्या पोटात गेली आहे. आमच्या म्हशीच्याही, जिचं दूध माझी नात पिते. मुलगी भांडं घेऊन समोर उभी राहिली. "बाबा, पोरीले दूध देऊ का नको? हो नाईतर नाई सांगा, भाषण नको." दुधाची पट्टी लावली. रेघ उमटली, पण फिकट. "मर्यादेत आहे," मी म्हणालो. "मंग तुमी प्या," असं म्हणून तिने भांडं माझ्यापुढे ठेवलं आणि शेजारणीकडे दूध मागायला गेली. म्हशीची ढेप बंद केली आहे. काही दिवसांत दूध स्वच्छ व्हायला हवं, कागद तरी तसंच सांगतात. रोज पट्टी लावून बघणार आहे.

आज सकाळी दूध घालणाऱ्या बायकांना गोळा केलं. मागच्या गाडीचं जे उरलं असेल ते परत आणा, म्हटलं, बदलून देतो. आणि घरात पावसाने ओली झालेली, बुरशी धरलेली ढेप असेल ती पुरून टाका. समितीचं सांगितलं, एवढ्या देशांचं सांगितलं. एक म्हणाली, "भाऊ, ते तिकडचे लोक आमच्या म्हशीले वळखते का? ढेपेले ऊन दाखवतो अन् घालतो." दुसरी म्हणाली, "आमची सासू बी असंच करे." उन्हाने बुरशी झडते, विष बरंचसं तसंच राहतं, हे मी परोपरीने सांगितलं. कुणी जागचं हललं नाही. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्री सांगत, बुरशीची ढेप उन्हात नाही, खड्ड्यात."

"कोन? गिरणीतले मिस्त्री?"

"हो."

"मंग आंधी सांगाचं ना भाऊ," असं म्हणून ती उठली, आणि तिच्या मागोमाग सगळ्या.

तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हता. उलट ऊन दाखवून घाला, हे या गावांना तुम्हीच सांगितलंत. तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे, पण हे पत्र त्याला देणार नाही. तो वाचेल आणि चारचौघांत खरं काय ते सांगून टाकेल, आणि उद्या पलीकडच्या गावात मला तेच वाक्य पुन्हा लागणार आहे.