पाठीवरचे झोपाळू केस

१२ सप्टेंबर.
निर्णय झाला. पाठीवरचे केस जाणार. ऑगस्टमध्ये समुद्रावर डोम्ना माझी पाठ बघून "अरे थ्रासो!" म्हणत हसली, ते मी विसरलेलो नाही. सहा जानेवारीच्या सणाला पाद्री बंदराच्या पाण्यात क्रॉस फेकतील, तो पकडायला आम्ही पुरुष उड्या मारू आणि डोम्ना धक्क्यावर माझ्यासाठी ब्लँकेट घेऊन उभी राहील. तसं तिने कबूल केलंय. आमच्या गावात बाई ज्याच्या अंगावर ब्लँकेट टाकते, त्याचं तिच्याशी ठरलं असं सगळे धरून चालतात. पाठ गुळगुळीत हवीच.

१५ सप्टेंबर, दुपार.
लेसरवाली एव्हान्थिया मला काका म्हणते. मी चव्वेचाळीसचा आहे. तिच्या मते लेसर फक्त वाढीला लागलेले केस मुळाशी जाळतो. बाकीचे झोपलेले, ते जागे होतील तसे पकडायचे. दर सहा आठवड्यांनी, सहा-आठ वेळा. मधे वस्तरा चालेल, उपटायचं नाही. जानेवारीपर्यंत पुरं होणार नाही म्हणे. मी सांगितलं, आमच्या घराण्यात कुणी झोपाळू नाही. पहिली फेरी आजच उरकली.

३ ऑक्टोबर.
आंघोळीत केस गळाले. पाठ साफ. एका फेरीत काम तमाम. पुढची अपॉइंटमेंट रद्द.

१४ नोव्हेंबर.
खांद्यावर थोडे केस. पाहुणे असावेत.

९ डिसेंबर.
पाहुणे बिऱ्हाडासकट आलेत. ताईकडून मेण लावून सगळे उपटून घेतले.

११ डिसेंबर.
एव्हान्थियाने पाठ बघून मशीन बंद केलं. मूळच नाही तर लेसर धरणार कशाला? "काका, घरात कुणी नाही. बेल कुणासाठी वाजवू?"
उद्धट पोरगी.

५ जानेवारी.
पुन्हा मेण. पाठ लालबुंद, पण गुळगुळीत. उद्या आयुष्य ठरणार.

६ जानेवारी.
क्रॉस दुसऱ्याला मिळाला, हरकत नाही. शिडीकडे वळलो, तर डोम्ना ब्लँकेट घेऊन धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला धावत होती. पाणी उडतं म्हणून तिने चष्मा पर्समध्ये ठेवला होता. ब्लँकेट तिने बेकरीवाल्या फोटिसच्या केसाळ पाठीवर टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कुडकुडत जवळ गेलो. तिने शेजारी उभ्या माझ्या ताईला विचारलं, "हा सोललेला माणूस कोण गं? मी तर थ्रासोची पाठ बघून धावले. किती छान दिसते लांबून."
फोटिसने ब्लँकेट काही सोडलं नाही.

२१ फेब्रुवारी.
रविवारी डोम्ना आणि फोटिसचा साखरपुडा. पाठीवरचे सगळे जागे झालेत. एव्हान्थियाला फोन केला. म्हणाली, या काका, आता अगदी योग्य वेळ आहे.