फरशी मोकळी हाय

मुळशी,
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

प्रिय अभय,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत. भात लावून झाला. आईचा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो तसा कुरकुरतोय, पण रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातली पाळी तिने एकही दिवस चुकवलेली नाही. तू फोन उचलत नाहीस, आणि ऑफिसच्या मेलवर लिहिलं तर तुझ्याआधी दुसरेच वाचतील, म्हणून हा कागद. काकांचा विकी उद्या टेम्पो घेऊन मारुंजीला येतोय, त्याच्या हाती देते. सोबत सुकट आहे. आधी पत्र वाच, मग सुकट.

गेल्या महिन्यात आई कामावरून आली ती घुश्श्यातच. म्हणाली, "दीपे, रिसॉर्टच्या रस्त्याला वड्यावरच्या फरशीवर माजा आवाज वाजतुया. मी कदी गेलते तितं बोलाया?" मी म्हणाले, कुणाचा तरी सारखा आवाज असेल. खोटं बोलले. आपल्या ओढ्यासाठी आईने चुलीपुढे बसून माझ्या फोनवर रेकॉर्ड केलेली ती दोन वाक्यं मी झोपेतसुद्धा ओळखेन. "पानी चढलंय, फरशीवर येऊ नगा." आणि "फरशी मोकळी हाय, जावा बिनघोर." दुसऱ्याच्या शेवटी शेजारच्या गॅसवरच्या कुकरची शिट्टी आहे. तुमच्या कंपनीने ती शिट्टीसुद्धा कापली नाही रे!

तू, मी आणि सूसचा साहिल. तिघांनी मिळून ती डबी केली होती. ओढ्यावरच्या बुटक्या पुलाला, आपल्या फरशीला, लावायची, पाणी किती चढलं ते तिने मोजायचं, आणि चढलं की गावातल्या फोनवर आईचा आवाज जायचा. कोड आपण उघडा ठेवला. कुणीही घ्यावा, हवा तर विकावा, फक्त बदल केले तर तेही उघडे ठेवावेत आणि लिहिणाऱ्यांची नावं पुसू नयेत. ही अट तूच मला समजावली होतीस, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, खडूने फळ्यावर लिहून. तुमच्या कंपनीने त्याला कुलूप लावलं आणि नावं पुसली. त्यात तुझंही नाव गेलं. ते तुला कसं चाललं?

तू कोड तिकडे नेलास हे मला मे महिन्यापासून माहीत होतं. तुझी नोकरी पक्की होत होती, म्हणून गप्प बसले.

चोवीस जुलैला धनगरवाड्यातला म्हसू मेंढरं घेऊन आपल्या फरशीशी आला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "दीपाताई, तुजा फोन म्हनतोय जा बिनघोर, आन माज्या डोळ्याला तर फरशीच दिसंना. म्या मेंढरं वळवली. नवा मानूस आसता तर गेला आसता."

डबी स्वतःच पाण्याखाली गेली की तिला काही मोजता येत नाही आणि ती शून्य पाठवते. कोडमध्ये लिहिलंय, शून्य म्हणजे ओढा कोरडा. म्हणजे पाणी थोडं असताना इशारा, आणि सगळं बुडालं की वाट मोकळी. मी त्याच दिवशी हे आपला कोड वापरणाऱ्या सगळ्यांसमोर नेटवर मांडलं. एकाने माझी चांगली खरडपट्टी काढली. आसामातल्या एका मास्तरांनी आपली डबी बादलीत बुडवून दुरुस्ती तपासली. दोन दिवसांत एकोणतीस गावांतल्या डब्या सुधारल्या. तिसावी तुमची, रिसॉर्टच्या रस्त्यावरची. तिला कुलूप आहे.

शिवाय तिथे आडवा दांडा आहे, डबीने वाट मोकळी म्हटलं की आपोआप वर होणारा. शहरातला माणूस दांडा वर गेला की गाडी घालतो. मी मॅनेजरला भेटले. तो म्हणाला, "मॅडम, हे कंपनीचं प्रॉडक्ट आहे, फुकटातलं नाही." तुमच्या कंपनीला मेल केला. उत्तर आलं, आमचा कोड पूर्णपणे स्वतंत्र आहे. खाली तुझं नाव होतं, अभय.

तुझ्यावर ओरडून झालं. आता जे टाळत आले ते लिहिते.

शून्याची ती ओळ माझी आहे. एप्रिलमध्ये ओढा कोरडा ठणठणीत होता. कोरड्यातही डबी शून्यच पाठवायची, आणि कोड त्याला बिघाड समजून साऱ्या गावाचे फोन वाजवायचा. लोक वैतागले. मी म्हटलं, शून्य म्हणजे कोरडा, विषय संपला. तू विचारलं होतंस, "ताई, आणि पावसाळ्यात?" मी तुला गप्प केलं, कारण मी मोठी. तुझा तो प्रश्न कोडच्या चर्चेत अजून आहे, तारखेसकट, तुझ्या नावासकट. काल मी तो पुन्हा वाचला आणि मला रडू आलं. तू बरोबर होतास. पण बरोबर होतास म्हणजे तुला हे ठाऊक होतं, आणि तरीही तू तो कोड तसाच नेलास.

शुक्रवारी पंधरा ऑगस्ट, पुढे शनिवार-रविवार. रिसॉर्ट भरलेलं आहे. गुरुवारपासून जोराचा पाऊस सांगितलाय.

काल आईला सगळं खरं सांगितलं. निवडायचे तांदूळ तिने बाजूला सारले. मग म्हणाली, "माजा आवाज लोकास्नी पान्यात घालाया निगालाय. शुक्रवारी मी कामाला जायाची न्हाई. फरशीच्या तोंडाशी हुबी राहीन आन एकेकाला माघारी लावीन." गुडघ्याचं काय, विचारलं, तर म्हणाली, "गुडगा माजा हाय, मी बघीन." तुला आपली आई माहीत आहे.

या कागदाच्या मागे दुरुस्तीच्या तीन ओळी लिहिल्या आहेत. तुझ्या साहेबाला दाखव, नाहीतर स्वतः घाल. बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत ती डबी सुधारली नाही, तर मी सगळं जाहीर करणार आहे. कंपनीचं नाव, तुझा प्रश्न, माझी ओळ. तुझी नोकरी जाईल. मला त्याची भीती वाटते, तू मला पुन्हा ताई म्हणणार नाहीस याची त्याहून जास्त. तरीही करीन.

सुधारलीस तर खाली तुझं नाव घाल, यावेळी पुसू देऊ नकोस. काहीही झालं तरी शुक्रवारी आई फरशीच्या अलीकडे असेल, आणि तिचा हात धरून मी.

तुझी ताई,
ती चुकीची ओळ लिहिणारी,
धम्मदीपा