मी तक्त्यात खरंच लिहिलं

२ मार्च, रविवार

पोहोचलो एकदाचे. एवढ्या सामानात एकच बरणी फुटली, तीही रिकामी, म्हणजे प्रवास सुखाचा झाला म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत आणि पुढच्या खोलीला एवढी मोठी खिडकी आहे की दिवसा दिवा लावायची गरज पडू नये. अप्पांनी आल्याआल्या सगळे नळ सोडून पाहिले, दारांच्या कड्या ओढून पाहिल्या आणि घर पसंत असल्याचं जाहीर केलं. जणू मीच त्यांच्याकडे भाड्याने राहायला आले आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले, पण बापपण काही सुटत नाही.

संध्याकाळी धाकटीचा फोन. अप्पांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या पिशवीत आहेत हे माझ्या या बहिणीने मला तीनदा सांगितलं. पिशवी मीच भरली होती, हे मी तिला एकदाच सांगितलं. समोरच्या खोलीत एक शिंपीणबाई राहते. न मागता चहा घेऊन आली आणि अप्पांना काका म्हणून मोकळी झाली.

वीस वर्षं शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासली. मग ते खातंच बंद झालं. शेहेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कोण विचारतंय असं वाटत होतं, तोवर ही नोकरी चालून आली. मी खूश आहे, आणि तसं लिहून ठेवायला मला लाज वाटत नाही.

३ मार्च, सोमवार

नवं ऑफिस म्हणजे मोठ्या माणसांचं पाळणाघर आहे.

ही मंडळी खेळ बनवतात. चेंडूफळी नव्हे, कल्पनेतल्या राज्यांचे खेळ. टेबलावर षटकोनी घरांचा नकाशा पसरायचा, त्यावर सैन्याच्या सोंगट्या मांडायच्या आणि प्रत्येकाने एकेक सोंग घेऊन ते बोलायचं. जगला की मेला हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. एकेका खेळाचं नियमपुस्तक तीनशे पानांचं. ‘उडता घोडा जमिनीवर उतरताना’ हे त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. घोडा शेवटी उतरतो. मी सगळं वाचलं.

नकाशे काढणारा चित्रकार पन्नाशीचा, दाढी पोटापर्यंत. त्याने स्वतःची ओळख मांत्रिक अशी करून दिली, आणि हसला नाही. पुस्तकबांधणीवाला सहा फूट उंच आहे आणि त्याला सगळे बुटका म्हणतात, कारण खेळात तो बुटका लोहार असतो. मालकांना मास्तर म्हणतात. खेळ तेच चालवतात. यांना घरी बायकापोरं आहेत, हे ऐकून मला त्या बायकापोरांची कीव आली.

फाटकाशी एक गलेलठ्ठ कुत्रं बसलेलं असतं. मी वळसा घालून मागच्या दाराने आत गेले. कुत्र्यांपुढे माझं काही चालत नाही.

४ मार्च, मंगळवार

इथली एक रीत आज कळली. कुठलाही नियम टेबलावर खेळून पाहिल्याशिवाय छापायला जात नाही, आणि खेळायला सगळ्यांनी बसायचं. दुपारी दोन ते चार. प्रुफं तपासणाऱ्या बाईलाही सुटका नाही.

मला एक छापील तक्ता देण्यात आला. आपलं पात्र कोण, त्याचं कसब काय, गुण काय, भीती कशाची, सोबत कोण, असे रकाने. मास्तर म्हणाले, मनाला येईल ते लिहा. काय वाट्टेल ते असलं तरी चालेल, फक्त आपलं नको. मांत्रिकानेही तेच सांगितलं. त्याच्या स्वतःच्या तक्त्यावर तीन ड्रॅगन आणि एक चांदीची काठी आहे. बुटक्याच्या तक्त्यावर बोलणारी घण-ऐरण.

मी वीस वर्षं छापील कागदावरचं खोटं खोडत आले. रकाना समोर आला की त्यात खरं लिहायचं, एवढीच मला सवय. शिवाय ड्रॅगन पाळायचं माझं वय नाही. मी लिहिलं ते असं: कसब, लिहिणं-वाचणं. गुण, तिखट नाक. भीती, कुत्री. सोबत, वडील आणि धाकटी बहीण. मास्तरांनी तक्ता वाचला आणि बदलणार का म्हणून विचारलं. मी म्हटलं, खोटी माहिती भरायला हा काही अर्ज नाही. त्यांनी तक्ता परत दिला.

एक नियम मात्र त्यांनी दोनदा समजावला. अडचणीत सापडलो तर तक्त्यावरची एक ओळ देता येते. ओळ दिली की फाशात पाचाची भर पडते. दिलेली ओळ खोडरबराने पुसायची, परत लिहायची नाही.

६ मार्च, गुरुवार

पहिल्याच डावात माझी तुकडी जंगलात लांडग्यांच्या तावडीत सापडली. चार वाजून जायला नकोत म्हणून मी ‘भीती’ची ओळ देऊन टाकली. सुटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पन्नाशीचे लोक, आणि टाळ्या.

निघताना फाटकातल्या कुत्र्याला थोपटलं. चांगलं गुबगुबीत आहे. मी उगाच वळसे घालत होते.

११ मार्च, मंगळवार

इथे दुसरं कुणी वाचणार नाही म्हणून कबूल करते. दोन कधी वाजतात याकडे माझं लक्ष असतं.

या लोकांना हे कसलं वेड, हे आता थोडं कळतं. वीस वर्षांत मी लाखभर चुका काढल्या असतील, पण काढलेली चूक कुणाला दिसत नाही. टेबलावर सगळं दिसतं. मी म्हटलं डावीकडून चढा, की सैन्य डावीकडून चढतं. मी म्हटलं थांबा, की सहा फुटी बुटका माझ्या तोंडाकडे बघत थांबतो. घरी साधी खिडकी लावा म्हटलं तर अप्पा ऐकत नाहीत. अर्थात म्हणून हा पोरखेळ नाही असं नव्हे. पोरखेळच आहे, फक्त मी त्यात बरी आहे.

आज विषारी धुक्यात सापडलो. ‘तिखट नाक’ दिलं आणि सगळ्या तुकडीला बाहेर काढलं. मांत्रिक मला सेनापतीबाई म्हणाला. गाढव आहे, पण माणूस वाईट नाही.

१३ मार्च, गुरुवार

दूध करपून भांडं काळं झालं. मी ओट्यापाशीच उभी होते, तरी मला कळलं नाही. आतल्या खोलीतून अप्पा खोकत आले आणि त्यांनी गॅस बंद केला. सर्दी झाली असणार. नाक चोंदलेलं नाही, वाहतही नाही, पण सर्दीच.

अप्पा म्हणाले, ऑफिसातून आल्यावर तू हल्ली आमच्याशी बोलतच नाहीस. त्यांना खिंडीतल्या लढाईचं सांगायला घेतलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, पगार वेळेवर देतात ना?

१७ मार्च, सोमवार

किल्ल्याचा वेढा. आज पुन्हा एक ओळ दिली. ‘सोबत’च्या रकान्यात दोन नावं होती, त्यातलं दुसरं. काय होतं ते आता आठवत नाही. तक्त्यावर तिथे नुसता खोडल्याचा डाग आहे.

संध्याकाळी कुणा बाईचा फोन आला. मला सारखी ताई ताई करत होती, अप्पांच्या गोळ्यांचं विचारत होती. राँग नंबर म्हणून दोनदा ठेवला तरी पुन्हा लावते. शेवटी चांगली खरडपट्टी काढली, तेव्हा ती रडायला लागली. अप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तिच्याशी अर्धा तास बोलले. मग मला म्हणाले की ती माझी धाकटी बहीण आहे.

मला बहीण नाही. अप्पांच्या डोक्यावर वयाचा परिणाम व्हायला लागला. डॉक्टरांना दाखवायला हवं.

१८ मार्च, मंगळवार. ऑफिसात, सव्वाचार

जिंकले. पूल घेतला.

मांत्रिकाचं सगळं सैन्य पलीकडे आणि माझ्याकडे उरलेल्या सात सोंगट्या. पाच कमी पडत होते. तक्त्यावर दोनच ओळी शिल्लक होत्या, लिहिणं-वाचणं आणि वडील. दुसरीला हात घातला तेव्हा क्षणभर मनात आलं, की नाक दिलं त्याच आठवड्यात दूध करपलं. मग स्वतःचीच चीड आली. फाशाला घाबरायचं तर मग मी आणि ही दाढीवाली बाळं, फरक काय राहिला? कागदावरचा बाप पेन्सिलीने लिहिलेला. खरा बाप घरी चहाची वाट बघतोय. मास्तरांनी विचारलं, नक्की? मी खोडरबर उचललं.

काय मजा आली. आता घरी जाते. घरी काहीतरी काम होतं, कुणाला तरी डॉक्टरांकडे

१८ मार्च, संध्याकाळी

घरात एक म्हातारा आहे.

किल्ली माझ्याकडे, कुलूप शाबूत, आणि हा आतल्या खोलीत पलंगावर बसून पेपर वाचतोय. मला बघून म्हणाला, उशीर झाला. तुम्ही कोण म्हणून विचारलं तर हसला. पुन्हा विचारलं तेव्हा हसला नाही.

शिंपीणबाईला बोलावलं. ती म्हणते हे तुमचे वडील. तीही त्यांना सामील. आता आलं लक्षात. चोवीस तास खेळाशिवाय जमत नाही या लोकांना. मास्तरांनी कुठलातरी रिकामा नट पैसे देऊन माझ्या घरात आणून बसवलाय. पात्र म्हणे वडिलांचं. काम बरं करतो, डोळ्यांत पाणीसुद्धा आणतो. किळस आली.

१९ मार्च, बुधवार

सकाळी तो चहा करत होता, माझ्यासाठी. साखर किती घालतात ते त्याला माहीत होतं. चांगला पढवून पाठवलाय.

सरळ सांगितलं, नाटक पुरे, चालते व्हा. हलेना. मग दंडाला धरून जिन्यात नेऊन उभा केला. हलका आहे, काहीच जोर लागला नाही. पायात काही नव्हतं. कसल्या तरी गोळ्या मागत होता. दार लावलं.

बराच वेळ बाहेरून हळूहळू थापा येत होत्या. मग थांबल्या.

ऑफिसला गेले नाही. त्यांना म्हणावं बसा वाट बघत.

२० मार्च, गुरुवार, सकाळी

शिंपीणबाई दारात येऊन ओरडून गेली. काल ती कामावरून परतली तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं. रात्रभर शोधलं म्हणे. पोलिसचौकीत जाऊन आली. पोलीस विचारतात, कुठे जाण्याची शक्यता आहे, ते घरच्यांनाच माहीत असतं. मी म्हटलं, तुमच्या नटाचं घर मला काय माहीत.

मास्तरांविरुद्ध तक्रार लिहायला बसले. रुजू झाल्याची तारीख हवी होती म्हणून ही वही पहिल्या पानापासून उघडली. स्वतःचं लिहिलेलं मी कधी तपासत नाही. आज तपासलं.

अक्षर माझं आहे. शाई एकच आहे. अप्पांनी नळ सोडून पाहिले. अप्पा खोकत आले. अप्पा. अप्पा. प्रत्येक पानावर. आणि एक धाकटी.

मला काही आठवत नाही. पुन्हा वाचलं — नाही. एक म्हातारा दिसतो, अनवाणी, जिन्यात, आणि मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही. काही वाटत नाही याचीच भीती वाटते.

फोन केला, त्या बाईला. तिला विचारलं ते कुठे जातील. तिला फक्त रडता येत होतं. मग म्हणाली, ताई, ते तुलाच माहीत, मी तेव्हा फार लहान होते — तेव्हा म्हणजे कधी?

दुपारी. टेबलावर

वही आणली आहे. हातात काहीतरी हवं.

मास्तर पांढरे पडलेत. म्हणतात, मी सांगितलं होतं, आपलं लिहू नका. खोडलेली ओळ लिहून परत येत नाही. जिंकता येते. समोर दुसरी ओळ लावायची. फासा लागला तर अदलाबदल, ती येते आणि ही जाते. नाही लागला तर तीही गेली.

माझ्याकडे एकच उरली आहे. लिहिणं-वाचणं.

मांत्रिकाने त्याचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. माझं लाव, म्हणाला. तीन ड्रॅगन, चांदीची काठी. सगळं खोटं. ते चालत नाही. मी याला गाढव म्हणाले होते — यांच्यात गाढव एकच निघालं.

पंधराच्या वर हवेत.

ऊन. दोन दिवस गोळ्या नाहीत. अनवाणी.

टाकते —

अठरा.

अप्पा

आले — आठवले — माझे अप्पा, आणि मी त्यांना दंडाला धरून — ते जिन्यात म्हणत होते, पोरी, तुला बरं नाही, मी इथेच बसतो, तू झोप जरा — आणि मी दार —

आई गेली तेव्हाही असेच निघून गेले होते, मी दहाची, कडेवर कुणीतरी तान्हं — डेपोत सापडले, उभ्या बसमध्ये, मागच्या सीटवर — मीच शोधलं होतं — आताही तसेच असणार, इथल्या डेपोत —

पळते — कुणीतरी चला माझ्याबरोबर, बसच्या पाट्या मला आता — हे वर काय लिहिलंय, मीच लिहिलं, लागत नाही — रेघा नुसत्या — हात अजून सवयीने चालतोय —

अप्पा, उतरू नका, तिथेच बसा, मी ये