कालवडीला औषध मी पाजलं होतं

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुमच्याबद्दल काही ना काही बोलले. मी बोलले नाही. "तिला चारचौघांत बोलायची सवय नाही," असं आईने सांभाळून घेतलं. तसं नव्हतं. मला एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती ज्यांना सांगायला हवी ते दगाजी आबा तिथे आलेच नव्हते.

आज सकाळी ते माझ्या दवाखान्यात आले.

हो, तेच! त्यांची मधली मुलगी इथे नशिराबादला दिली आहे, हे मला माहीत नव्हतं. जावयाच्या गोठ्यातलं पंधरा-वीस दिवसांचं वासरू घेऊन आले होते. मला बघून आधी दचकले, मग हसले. "अरे, ही तर आमना ड्रेसरनी आंडेर!" गुरांच्या दवाखान्यातल्या ड्रेसरची लेक, हीच माझी त्यांच्याकडे अजून ओळख.

वासरू जंतांनी पोट फुगलेलं, केस राठ झालेलं. मी वजनाचा अंदाज घेतला, औषध मोजलं आणि आमचा ड्रेसर नेहमीप्रमाणे बाटली घ्यायला पुढे आला. आबांनी त्याचा हात बाजूला केला.

"तू नको रे. डाक्टरीनले पाजू दे. बापनी हातघाईमा मनी कालवड गयी. आंडेरना हात हुशार शे."

मी वासराला औषध पाजलं. ते व्यवस्थित गिळत होतं. मी मान खाली घालून त्याच्या गळ्याकडे बघत राहिले. चार वर्षांपूर्वी गप्प बसले होते, आज पुन्हा बसले. म्हणून हे पत्र.

तुम्ही औषध कसं पाजत होतात, ते मला पाठ आहे. आधी वासराजवळ उकिडवं बसायचं आणि काही करायचं नाही. मग बोट त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत. वासरू बोट चोखायला लागलं की त्याच बोटाला लागून वेळूची नळी सरकवायची. मान त्याच्या पाठीच्या रेषेत, जरा वर, बस. एक घोट, मग थांबायचं. ठसका लागला की नळी बाहेर आणि डोकं मोकळं. "वासरू गिळस. आपन फक्त वाट देखतस," असं म्हणायचात.

परभणीला पाच वर्षं शिकताना मला या सगळ्याचं शास्त्र समजलं. श्वासनलिका कुठे, अन्ननलिका कुठे, मान उंच गेली तर औषध कुठे जातं. परीक्षेत ते मी आकृतीसह लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. मग त्या दिवशी माझ्या हाताला ते का आठवलं नाही, नाना?

पदवी घेऊन मी गावी आले त्याला आठवडा झाला होता. नेमणुकीचं पत्र यायचं होतं. शिंदखेड्याच्या आपल्या बाजूला बाईमाणूस गुरांची डॉक्टर झालेली कोणी पाहिली नव्हती. आपल्या वस्तीतली तर नव्हतीच. आणि दगाजी आबांची कालवड म्हणजे गावातली पहिली संकरित कालवड. तिला बघायला लोक चार कोसांवरून येत. अशा कालवडीसाठी आबांनी स्वतः निरोप पाठवला, "पोरीलाही घेऊन ये." तुम्ही त्या दिवशी धुतलेला सदरा घातलात. मी ते पाहिलं.

जनावर आजारी पडलं की त्यांच्या गोठ्यात तुमच्याआधी कोणी शिरत नसे. ओसरीवर मात्र तुम्ही कधी बसला नाहीत. तुमचा वेगळा कप, कान तुटलेला, गव्हाणीच्या वरच्या कोनाड्यात असायचा. मी टेप काढून कालवडीच्या छातीचा घेर मोजला तेव्हा माझी नजर त्या कपावर होती. राग आला होता मला. आबांवर, आणि खरं सांगते, तुमच्यावरही. तुम्हाला तो कप कधीच का खटकला नाही?

वजन तीस किलो. जंतांचं औषध साठ मिली. आबा गूळपाणी आणायला घरात गेले. गोठ्यात तुम्ही, मी आणि कालवड. ती नुकतीच दोर तोडून अंगणभर पळाली होती, धापा टाकत होती.

"तिले दम लेऊ दे, पोर," तुम्ही म्हणालात आणि नळी पुढे केलीत.

मी ती नळी घेतली नाही. म्हणाले, "नाना, तुम्ही बाजूला व्हा." याच शब्दांत. मग माझी काचेची बाटली काढली, कालवडीची जीभ हातात धरली, थोबाड वर उचललं आणि ओतायला लागले. तिला ठसका लागला. मला वाटलं, चव आवडली नाही. दुसरा ठसका लागला तेव्हा बाटलीत वीस मिली उरलं होतं. तुम्ही म्हणालात, "सोड!" मी सोडलं नाही. डोस अपुरा गेला तर जंत पूर्ण मरत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. मला साठ मिली पूर्ण करायचे होते. मी पूर्ण केले.

आबा परत आले तेव्हा कालवड उभी होती आणि नाकातून पाणी गळत होतं. तुम्ही माझ्या हातातली रिकामी बाटली घेऊन धूत होतात.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. ती मान पुढे ताणून उभी होती, पुढचे पाय फाकवून, नाकपुड्या मोठ्या करून. मी स्टेथोस्कोप उजव्या बाजूला, कोपराच्या जरा वर ठेवला. जो आवाज ऐकू आला त्याबद्दल मी पुस्तकात फक्त वाचलं होतं. कानातल्या नळ्या काढेपर्यंत मला सगळं कळलं होतं. इंजेक्शन दिली. दुपारी ती बसली, मग आडवी झाली. जीभ निळी पडली. शेवटपर्यंत ती श्वास घेण्याचा प्रयत्न करत होती. किती वेळ, तेही मी सांगू शकते, पण सांगत नाही.

आबांनी विचारलं, "काय व्हयनं? परवा तर पळी राहिंती!"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "औषध छातीमा गयं. चूक मनी शे, आबा. मीच पाजेल शे."

कोणाला शंका येणार? औषध लिहायचं डॉक्टरने, पाजायचं ड्रेसरने, ही सगळ्या दवाखान्यांतली रीत.

"इतला वरीस काय शिकना तू?" आबा ओरडले. मग मेलेल्या कालवडीकडे हात केला. "आते तूच वढी लई जाय हिले."

नाना, मेलेली जनावरं ओढायचं काम आजोबांनी बंद केलं होतं. गावाने पाणी तोडलं तरी पुन्हा हात लावला नाही, ही गोष्ट तुम्ही आम्हाला जेवताना किती वेळा सांगितली होती! तुम्ही सरकारी नोकर होतात. "नाही" म्हणू शकला असता. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्यात आणि तिच्या पायांना दोर बांधलात.

आणि आबा मला म्हणाले, "डाक्टरीनबाई, तुम्ही वर बठा. तुमना काय दोष?"

मी ओसरीवर बसले. कपबशीत चहा आला. चांगली, निळ्या काठाची कपबशी. तुम्ही नाल्याकडे निघाला होतात, दोर खांद्यावर घेऊन, आणि मी चहा प्यायले.

परत येताना मी विचारलं, "असं का केलंत?" तुम्ही म्हणालात, "तुनं नाव आजून व्हवानं शे. मनं व्हई गयं." जणू काही हिशेब सरळ होता! मला विचारलंत का, नाना? माझी चूक माझ्याकडून काढून घेताना एकदा तरी विचारायचं होतं. पण हा आरोप करायचा मला कितीसा हक्क आहे? मी दुसऱ्या दिवशी बोलू शकले असते. दोन महिन्यांनी नेमणूक झाल्यावर बोलू शकले असते.

तुमचं नाव झालं होतं, ते गेलं. लोक दवाखान्यात तुमच्यासमोर डॉक्टरांना म्हणायचे, "साहेब, तुम्हीच पाजा." तुम्ही बाटल्या धुवायचात. टपरीवर कोणीतरी विचारायचं, "वासरूले पाजस का बुडावस, ड्रेसर?" आणि बाकीचे हसायचे. आईने हे मला सांगितलं, तुम्ही नाही. मग तुम्ही टपरीवर जाणं सोडलंत. दगाजी आबांच्या कोनाड्यातला कपही कोणीतरी फेकून दिला. त्या कपाचा मला राग होता ना? तो गेला तेव्हा त्या गोठ्याची वाटही गेली.

तुम्हाला लकवा झाल्याची तार मिळाली आणि मी धुळ्याच्या इस्पितळात आले. तुमचं अर्धं तोंड हलत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक मदत करायला म्हणून तुमची हनुवटी वर करून पाणी ओतत होते. तुम्हाला ठसका लागला. मी त्यांच्या हातातलं भांडं जवळजवळ हिसकावलं.

मग मी तुमच्या उशाशी बसले. काही न करता, आधी. तुमची मान सरळ केली, उशी दुमडून पाठीशी लावली. ओठाच्या चांगल्या कोपऱ्याला बोट लावलं. चमच्यात औषध अर्धंच घेतलं. ते सोडलं आणि तुमच्या गळ्याकडे बघत थांबले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मग दुसरा अर्धा चमचा. पाण्यात विरघळवलेल्या एका गोळीला अर्धा तास लागला. शेवटचा घोट तुम्ही परतवलात आणि मी तो पुन्हा दिला नाही. डोस अपुरा राहिला.

तुम्ही माझ्याकडे बघून वाकड्या तोंडाने म्हणालात, "आते जमनं."

ते शब्द ऐकून मी बाहेर व्हरांड्यात गेले. त्यानंतर अकरा दिवस मी तुम्हाला तसंच पाजलं. त्याने तुम्ही वाचला नाहीत. एवढंच झालं की माझ्या हाताने तुमच्या छातीत काही गेलं नाही.

तुमची वेळूची नळी माझ्या बॅगेत असते. तिचं तोंड तुम्ही दगडावर घासून इतकं गुळगुळीत केलं आहे की कोणत्याच वासराला ती टोचत नाही. आज आबांच्या वासराला मी तिनेच पाजलं. आबांनी ओळखली नाही.

ते गेल्यावर मी माझी जुनी वही काढली. पहिलीच नोंद. छातीचा घेर, वजन, औषध, वेळ, सगळं बरोबर. आणि पुढे माझ्याच अक्षरात: "पाजणारा: वडील." माझ्या कोणत्याही वहीत दुसरी खोटी नोंद नाही, नाना. मी तो शब्द खोडला. शेजारी माझं नाव लिहिलं आणि आजची तारीख घातली. पण वही बॅगेत राहते, ती गावात कोण वाचणार?

म्हणून तुम्हाला वचन देते. या रविवारी मी गावी येते आहे. सकाळी टपरीवर माणसं असतात त्या वेळेला पोहोचेन. तिथे आधी सांगेन, मग दगाजी आबांकडे जाईन. कदाचित त्यांना वाटेल, मेलेल्या बापाला सोडवायला पोरगी खोटं बोलते. तर वही दाखवेन, माझ्या अक्षरातली खोटी नोंद आणि ती मी खोडलेली, दोन्ही. त्या दिवशी जीभ कशी धरली, डोकं किती वर उचललं आणि तुम्ही "सोड" म्हणालात तेव्हा बाटलीत किती उरलं होतं, तेही सांगेन. तुमच्याशिवाय ते फक्त पाजणाऱ्यालाच माहीत असणं शक्य आहे.

ते मला वर बसायला सांगतील. मी ओसरीवर चढणार नाही. गोठ्यात, तुम्ही उभे राहायचात तिथे उभी राहीन आणि तुमचेच शब्द म्हणेन, "चूक मनी शे, आबा. मीच पाजेल शे." या वेळी ते खरे असतील.

तुमची,
सुजाता