बाजाराच्या दिवसाची मोजणी

मी, मॅन्युएल साल्वादोर लोबो, वय त्रेसष्ट, रस्ते खात्याचा निवृत्त मोजणी कारकून, राहणार कट्टा, तालुका मालवण, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक माझी नात जुलिया हिला मिळावी. ती सज्ञान होईपर्यंत तिचे वडील प्लासिद यांनी सांभाळावी. ते माझ्याशी बोलत नाहीत. त्याने या कलमात फरक पडत नाही.

२. सन १९५७ मध्ये कुडाळ रस्त्यावरच्या एकेरी पुलाची वाहतूक मी मोजली. गाड्यांची दाटी वाढली की वेग घटतो. दाटी मर्यादेपलीकडे गेली की तासाला पार होणाऱ्या गाड्याही घटतात आणि शेवटी सगळेच थांबते. हे गणित मला पाठ होते. तरी आठवडी बाजाराचा दिवस ‘नेहमीचा नव्हे’ म्हणून मी सरासरीतून वगळला. कोणी सांगितले नव्हते. ‘पूल पुरेसा आहे’ असे लिहून मी सही केली.

३. सन १९६० मध्ये, बाजाराच्याच सकाळी, माझी मुलगी ईडा हिला कळा सुरू झाल्या. तिची टॅक्सी पुलावर बैलगाड्यांत अडीच तास अडकली. जुलिया टॅक्सीतच जन्मली. ईडा डॉक्टरांपर्यंत पोहोचली नाही. दफनानंतर प्लासिदने विचारले, “पप्पा, तुमच्या वहीत आमची गाडी खंय आसा?” बाजाराचा दिवस मी वगळला होता.

४. त्या दिवशी टॅक्सीसमोर असलेला गाडीवान गंगाराम याच्यावर मी दोन वर्षे राग धरला. एकदा तो दारात येऊन म्हणाला, “बाब, पाठसून गाड्यांची रांग. बैल खंय सारू? तुमीच सांगा.” राग सोडला आहे. माझी सायकल त्याला द्यावी.

५. ईडा गेल्यापासून दर बाजाराच्या दिवशी मी पुलावर बसून मोजतो. पूल रुंद करावा, असा अर्ज त्या आकड्यांसह केला. उत्तर आले: ‘मंजूर मोजणीनुसार आवश्यकता नाही.’ मंजूर मोजणी माझीच. नव्या वह्या प्लासिद यांना द्याव्यात. त्यांनी त्या जाळल्या तरी माझी तक्रार नाही. कचेरीत नेल्या तर उपकार होतील.

६. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही. सन १९५७ च्या मोजणीवरची माझी सही मात्र मी याद्वारे रद्द करतो.

सही: मॅ. सा. लोबो
साक्षीदार: नाना परुळेकर, शिक्षक, सावित्री गावडे, सुईण
कट्टा, दि. ९ मार्च १९६४