डावा हात

सोमवार, ३ मे १९५४
रेडिओवाल्यांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या, ओझेलाच्या गाण्यावर बंदी घातली. ‘दार लोटून घे’ अश्लील आहे म्हणे! आम्हा काळ्यांचं तेच गाणं एका गोऱ्या मुलीनं शब्द धुऊन-पुसून म्हटलंय, ते मात्र दिवसभर चालू. तिचं सगळं सोवळं!

समोरच्या न्हाव्याच्या दुकानात आमचीच तबकडी वाजते. आमची — हे फक्त इथेच लिहायचं. पियानोवाला आला नाही म्हणून ओझेलाच्या हट्टाखातर मी पियानोवर बसले. चर्चमध्ये भजनं वाजवणारी मी! तबकडीवर माझं नाव नाही. देवाची कृपा.

गुरुवार, ६ मे
पाळकसाहेब घरी आले. “शब्दांचं सोडा हो, तो पियानो! सैतानाचा डावा हात आहे तो!” मी त्यांना कॉफी ओतत होते.

रविवारी ओझेलाचा निवाडा, सगळ्या मंडळीसमोर. पियानो कोणी वाजवला ते सांगितलं तर क्षमा. नाहीतर चर्चमधून नाव कमी.

शुक्रवार
आई म्हणाली, “हल्ली भजनात तुझा डावा हात झोपतो का गं?” सांधे धरलेत म्हटलं. खोटं!

शनिवार
ओझेला हसली. “तुझं नाव मी कशाला घेऊ? तुझा पियानो जाईल, वेडे.” मला हायसं वाटलं. लाज वाटते त्याची. उद्या मीच उठेन. उठेनच!

रविवार, ९ मे
मदर्स डे. आई हयात असेल तर लाल फूल लावायचं, नसेल तर पांढरं. ओझेला लाल गुलाब लावून उभी राहिली. पाळकसाहेबांनी तीनदा विचारलं, “कोण वाजवत होतं?”

“गायले मी. माझं काय ते मला विचारा.”

मग तिचं नाव कमी करायला मंडळींना हात वर करायला सांगितले. आईचा हात सगळ्यात शेवटी वर गेला. तोवर ती माझ्याकडेच बघत होती. मी उठले नाही. ओझेला दाराबाहेर जाईपर्यंत भजन वाजवत राहिले.

मंगळवार
ओझेला शिकागोच्या बसने गेली. मला भेटली नाही.

बुधवार, १२ मे
न्हाव्याकडे पुन्हा तेच गाणं. आईनं शिवण खाली ठेवलं.

“डावा हात तुझाच. मीच शिकवलाय, मला कळणार नाही? पहिल्या दिवशीच कळलं. रविवारी वाट बघत होते, तू उठशील म्हणून.”

मी रडायला लागले. तिनं शिवण परत उचललं.

“पुढच्या मदर्स डेला पांढरं फूल लाव.”